पहार धरणारा

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कुणाच्या तरी मावशीच्या शेजारणीला दिसलं होतं, तसलं नाही.

आणि रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. मे महिना, भर दुपार आणि डोक्यावर आपलं सोलापूरचं ऊन. भुतं रात्रीच येतात असं मीही समजत होते.

मी गुलनाज. माहेर सोलापूर शहर, सासर जेऊर. माझ्या नवऱ्याचा, सलमानचा, ट्रॅक्टर ब्लास्टिंगचा धंदा. ट्रॅक्टरला कॉम्प्रेसर जोडायचा, विहिरीच्या खडकात होल मारायचे. मग परवानावाला माणूस गाडीतून सुरुंगाचा माल आणतो, होलात भरतो आणि उडवतो. त्याला आमच्याकडे बार म्हणतात.

हे काम घरात आणलं सलमानच्या आजोबांनी. मकदूमदादा. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेत होते. वाळवंटात सुरुंग पुरायचे आणि समोरच्यानं पुरलेले हातानं उकरून काढायचे. लढाई संपली, घरी आले, पण हाताला दुसरं काही येत होतं कुठं? मग विहिरी उडवायला लागले. म्हणायचे, तिकडं माणसं मारायला पुरत होतो, हिकडं पाणी काढायला पुरतोय, माल तोच.

त्यांना मी पाहिलेलं नाही. पण त्यांचा नियम आमच्या घरात पोरांनासुद्धा पाठ आहे.

जुन्या होलाला हात लावायचा नाही.

रिकामा दिसला तरी नाही. आत न उडालेला बार असू शकतो. लांब सरकायचं, नवीन होल मारायचा.

दुसरा नियम लाल कापडाचा. विहिरीत लाल दिसलं की हातातलं टाकायचं आणि वर यायचं. का, कशाला, विचारायचं नाही.

तर दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. उजनी धरण पार मायनसमध्ये गेलं होतं. पाणी इतकं मागं हटलं की बुडालेलं जुनं गाव वर आलं. घरांची जोती, देवळाचं शिखर, रस्ता... सगळं गाळानं माखलेलं. लोक मोटरसायकलवर बघायला यायचे, रील काढायचे.

त्या गावाच्या कडेला आमच्या ओळखीच्या महानंदाकाकूंच्या रानात एक विहीर उघडी पडली. काकूंची केळी काठावर वाळत होती आणि मोटरीचा पाइप पाण्यापर्यंत पोचत नव्हता. त्या म्हणाल्या, "सलमान, हीच हीर साफ करून खोल कर. लई जुनी हाय. आमी जमीन घेतली तवापास्नं अशीच अर्धी, पान्याखाली पडलीया."

सलमान कामाला लागला. गाळ निघाला, खाली काळा खडक लागला.

लोकांना अडवायला वाटेवर उभा राहायचा माणूस त्या दिवशी लग्नाला गेला होता. मग काय, मीच. परवानावाल्याची गाडी दुपारनंतर येणार होती, आणि रील काढणाऱ्यांना विहिरीकडे फिरकू द्यायचं नव्हतं. लाल ओढणी हातात घेऊन मी वाटेवर उभी. आमच्या सासूबाई म्हणतात, गुलनाजचा आवाज असल्यावर ओढणीची काय गरज.

बारा वाजायच्या सुमाराला कॉम्प्रेसरचा पाइप फुटला.

मशीन बंद. सलमान आणि मशीनवरचा शिवानंद, दोघं वर आले. बाभळीखाली भाकरी सोडली. काकू होत्या, मी होते.

सलमान म्हणाला, "खाली एक तयार होल हाय. चिखलानं बुजलाय नुसता. पहारीनं साफ केला की काम झालं."

माझा घास हातात राहिला.

"जुना होल? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? दादांनी काय सांगून ठेवलंय?"

"अगे, चाळीस-पन्नास वर्षं पाण्यात होता तो. काय राहिलंय त्यात? कायकू डरती?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात...

ठण्ण...

विहिरीतून.

घण पहारीवर पडल्यावर येतो तो आवाज. मी त्याच आवाजाच्या घरात नांदते, मला कळतो.

ठण्ण...

आम्ही एकमेकांकडे बघितलं. चौघंही बाभळीखाली. शिवानंद उठून काठावर गेला, वाकून बघितलं.

"कोन न्हाय. दगड तडकत आसंल उनानं."

काकू भाकरी बांधता बांधता थांबल्या. "पाखरं कुटं गेली गं?"

खरंच. सकाळपासून पाण्याच्या कडेला बगळ्यांचा नुसता गोंधळ होता. आता एक नाही. पलीकडच्या काठावरच्या मोटरींची घरघर बंद. वाराही नाही. आपल्याच कानात आपलं रक्त ऐकू यावं, इतकं गप्प झालं होतं.

मी म्हणाले, "आज राहू द्या. उद्या पाइप आणा, नवीन होल मारा."

सलमान हसला. हा माणूस मी रागावले की हसतो, आणि मला आणखी राग येतो. घण खांद्यावर टाकला, पहार घेतली आणि दोराच्या शिडीनं खाली उतरला. जाता जाता शिवानंदला म्हणाला, "ये रे, पहार धरायला."

"पाइप बांदतो आन् आलोच," शिवानंद म्हणाला.

एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं घण मारायचा. जुन्या काळी सगळ्या विहिरी अशाच खोदल्या. धरणाऱ्यानं हलायचं नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा भरवसा. तो हलला तर घण त्याच्या हातावर.

काकू केळीकडे गेल्या. मी बडबडत परत वाटेवर जाऊन उभी राहिले.

आणि मागून आवाज आला.

"बाई... मकदूम आला का?"

मी दचकून वळले. माझ्या मागं, म्हणजे विहिरीच्या बाजूला, एक माणूस उभा. अंगात बंडी, खाली गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, होल मारणारे धुळीसाठी बांधतात तसा. फक्त डोळे उघडे. आणि अंग सगळं ओलं... टॉवेलातून पाणी ठिबकत होतं.

मला आधी रागच आला. मी वाटेवर उभी असताना हा आत गेला कधी?

"कुठनं आलात हो तुम्ही? विहिरीकडं जायचं नाही, कळत नाही का?"

"म्या हितंच हाय," तो म्हणाला. आवाज दमलेला होता. "मकदूम पानी प्यायला गेलाय. म्हनला, हलू नगंस, आलोच. आला का त्यो?"

मला वाटलं, कुणीतरी म्हातारं, उन्हानं डोकं फिरलेलं. दादांना ओळखणारा कुणी असेल. माझ्या जिभेला हाड नाही हो. मी पटकन बोलून गेले.

"मकदूमदादा जाऊन जमाना झाला. त्यांचा नातू आहे खाली, सलमान. त्याच्याशी बोला, पण वर आल्यावर."

त्यानं विहिरीकडे मान वळवली.

मग म्हणाला...

"नातू? चालतंय की."

आणि विहिरीकडे चालायला लागला.

तिथला गाळ वाळून पापडासारखा झाला होता. आमचं प्रत्येक पाऊल करकर वाजायचं.

त्याचं वाजत नव्हतं.

"ओ... थांबा!" मी ओरडले. तेवढ्यात वाटेवर दोन पोरं मोटरसायकलवर आली. मी ओढणी हलवून त्यांना हाकललं, वळले.

माणूस नव्हता. सपाट उघडं रान, लपायला झुडूप नाही. आणि माणूस नव्हता.

ठण्ण...

विहिरीतून घण सुरू झाला.

ठण्ण... ठण्ण...

मी स्वतःला समजावलं, शिवानंद उतरला असेल. त्यानं पहार धरली असेल. म्हणून बाभळीकडे बघितलं.

शिवानंद ट्रॅक्टरच्या चाकाशी बसून पाइपला तार गुंडाळत होता.

"शिवानंद! तू वर कसा? पहार कुणी धरलीय?"

त्यानं मान वर केली. "म्या हितंच हाय की ताई. सलमानभाई एकटाच हाय खाली..."

आणि त्याचाही चेहरा उतरला. कारण एकट्या माणसाला असा घण मारता येत नाही. एकामागून एक, दणकून, दोन्ही हातांनी.

मी पळाले. चप्पल कुठं गेली कळलं नाही. काठावर पालथी पडून आत बघितलं.

सलमान घण मारत होता. आणि त्याच्यासमोर उकिडवा बसून तोच माणूस. दोन्ही हातांनी पहार धरलेली. पहार त्या जुन्या होलात.

"सलमान! सलमान, वर या!"

घणाच्या आवाजात त्याला ऐकूच जाईना. मी बोंबलतेय, शिवानंद बोंबलतोय, आणि हा मारतोय. या अल्ला, माझा माणूस माझ्या डोळ्यांदेखत... 

मग हातातली ओढणी आठवली.

मी ती खाली टाकली.

लाल कापड हेलकावे खात त्याच्या पायापाशी पडलं. सलमाननं ते बघितलं, घण टाकला आणि शिडीला हात घातला. वर नाही बघितलं, मागं नाही बघितलं. लहानपणापासूनची सवय ती.

तो चढत होता. मी खाली बघत होते.

तो माणूस उठला नाही. हलला नाही. पहार तशीच धरून बसून होता. फक्त मान वर केली आणि चढणाऱ्या सलमानकडे बघत राहिला.

सलमान काठावर आला. वैतागून म्हणाला, "काय झालं? आणि शिवानंदला कशाला खाली ठेवलंय, त्याला पण बोलव..."

शिवानंद त्याच्या शेजारीच उभा होता.

सलमाननं त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडं राहिलं.

"तू... मग खाली..."

ठण्ण...

घण खाली पडलेला होता. मारायला कुणी नव्हतं. तरी आवाज आला.

आणि बार उडाला.

जमीन उचलली गेली. आम्ही तिघं मागं फेकलो गेलो. वरून किती तरी वेळ दगड आणि चिखल पडत होता. परवानावाल्याची गाडी अजून यायचीच होती. आमच्याकडे मालाचा कणसुद्धा नव्हता.

शिवानंदचं डोकं फुटलं, माझं कोपर मोडलं. सलमानचा उजवा कान गेला. पोलीस आले, पंचनामा झाला. जुना बार होता, पहारीचा धक्का लागला, असं ठरलं. विहिरीत दुसरं कुणी सापडलं नाही. कसं सापडणार?

जेऊरला सासूबाईंना, म्हणजे अजीजाबींना, सगळं सांगितलं. विहीर कुठली ते कळल्यावर त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"ती पाण्यात गेली होती," त्या म्हणाल्या. "मला काय माहीत परत वर येईल?"

मग सांगितलं. मकदूमदादा आणि अण्णाराव. दोघं फौजेत एकत्र, परत आले एकत्र. अण्णाराव पहार धरायचा, दादा घण मारायचे. त्या विहिरीत एकदा दोन बार उडालेच नाहीत. नवीन होल मारायचा कंटाळा केला दादांनी. त्याच होलात पहार लावली. मध्येच पाणी प्यायला वर आले. अण्णारावला म्हणाले, हलू नकोस, आलोच.

दादांनी तांब्या तोंडाला लावला आणि एक बार उडाला.

दुसऱ्याला हात लावायला त्या विहिरीत कुणी उतरलंच नाही. धरणाचं पाणी चढलं तेव्हा गाव रडत होतं. मकदूमदादा एकटे दोन्ही हात वर करून अल्लाचा शुक्र मानत होते.

सलमाननं धंदा सोडला. आता जेऊरात टायरचं दुकान आहे. त्या दिवसाबद्दल तो एकदाच बोलला. म्हणाला, "शिवानंदच आहे समजून मी मारत होतो. तोंडाला टॉवेल होता. हात ओले दिसले, वाटलं घाम असेल. पण गुलनाज... इतकी घट्ट पहार मला आजवर कुणी धरली नाही."

तो सलमानला वाचवायला आला होता की न्यायला? पहार धरून त्यानं बार दाबून ठेवला होता की उडवायची वाट बघत होता? मला कळत नाही. खूप विचार केला, नाही कळत.

डॉक्टर म्हणतात उजव्या कानाला काहीही ऐकू येत नाही. मशीन लावूनसुद्धा नाही.

पण दुपारी जेवताना सलमान मान वाकडी करतो. उजवा कान वर करून बसतो. घास हातात तसाच.

मी विचारत नव्हते. भीती वाटायची.

यंदा पाणी पुन्हा मागं हटतंय. महानंदाकाकूंना मी रोज फोन करते. काल म्हणाल्या, देवळाचं शिखर दिसाय लागलंय.

आज दुपारी सलमान जेवता जेवता उठला आणि दाराकडे निघाला. मी हात धरला. विचारलंच शेवटी, "काय ऐकू येतं तुम्हाला?"

"घण. रोजचाच." तो शांत होता. मला ते शांत असणंच आवडलं नाही. "इतके दिवस तो खालून मकदूम, मकदूम म्हणायचा. आज माझं नाव घेतलं."

मी त्याला बसवलं. उठले आणि दाराला आतून कडी घातली. भर दुपारी.