हिरव्यावर टेकलेला पाय

हिरवा दिवा लागला, तरी तीननिंब चौकात कोणी हललं नाही.

शे-दीडशे सायकली पांढऱ्या पट्ट्यामागे उभ्या होत्या. प्रत्येक स्वाराचा डावा पाय जमिनीला टेकलेला, उजवा पेडलवर, अंगठा उगाच घंटीवर. मे महिन्यातली नागपूरची संध्याकाळ. ऊन उतरलं होतं, पण रस्ता अजून तव्यासारखा तापलेला, म्हणून सगळ्यांची तोंडं दुपट्ट्यात गुंडाळलेली. दिवा पुन्हा लाल झाला. खांबावरच्या कॅमेऱ्याने नेहमीप्रमाणे चलानं फाडली आणि शे-दीडशे खिशांतले फोन एकापाठोपाठ एक वाजले. गुन्हा सगळ्यांचा एकच, हिरव्या दिव्यावर न निघणे. लोक चडफडले, एकमेकांकडे बघून ओशाळले आणि पुढच्या हिरव्यालाही तसेच उभे राहिले.

कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या बाकावरून हेमलता भोयर हे सगळं बघत होती. बसली होती म्हणायचं एवढंच. उठायची, दोन पावलं जायची, परत यायची. नवरा गेल्यापासून तिचं बूड एका जागी टेकत नव्हतं. रोज संध्याकाळी ती इथे यायची, कारण इथे वसंतराव दिसायचे, आणि एक नाही, शे-दीडशे. तोंडं झाकलेली असली की मग तर विचारूच नका. तो डावा पाय, तो अंगठा, थांबल्यावर मान जराशी उजवीकडे कलणं, सगळं तिच्या माणसाचं होतं.

हे झालं कसं, ते सांगायला हवं. रिंगरोडच्या आत पेट्रोलच्या गाड्या बंद झाल्या आणि अख्खं शहर सायकलवर आलं. पण गाडी बदलली म्हणून माणूस थोडाच बदलतो? स्कूटरवर जे चालायचं तेच सायकलवर सुरू झालं. उलट्या बाजूने घुसायचं, लाल दिव्याला 'आत्ताच तर लागला' म्हणून निघून जायचं, भर चौकात सायकल आडवी घालून मेहुण्याची खुशाली विचारायची. सरकारने चाकशिस्त मंडळ नावाचं नवं खातं काढलं. मंडळाने धडाधड चलानं फाडली, पण लोकांचे पाय काही सुधारले नाहीत. माणसं मरत राहिली. शेवटी मंडळाने डॉ. इरावती दुरुगकरांना बोलावलं.

दुरुगकरबाई मेंदूच्या शास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं, की नियम ठाऊक असतो तो मोठ्या मेंदूला. सायकल चालवतो तो डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू. सवयी तिथे राहतात. लाल दिवा दिसल्यावर ब्रेक दाबावा की नाही याचा विचार करायला कोणाला सवड नसते. हात आपोआप जातो, नाहीतर जात नाही. मग शिस्तीच्या स्वाराच्या लहान मेंदूतली ही आपोआप चालणारी वाट टिपून घेतली आणि दुसऱ्याच्या लहान मेंदूत उमटवली तर? बाईंनी ते करून दाखवलं. डोक्यावर एक टोपरं चढवायचं, अर्धा तास पडून राहायचं, उठलं की पाय शहाणे. याला त्यांनी सवयरोपण नाव दिलं, आणि ज्याची सवय घ्यायची तो सवयदाता.

दाता शोधायला मंडळाने नोंदी चाळल्या. रोज सायकल चालवूनही ज्याच्या नावावर एकही चलान नाही असा माणूस सगळ्या शहरात एकच निघाला, एका सहकारी बँकेतले कॅशियर वसंतराव भोयर. हेमलताने ही बातमी ले-आउटमध्ये घरोघर पोचवली. लग्नाआधी हा माणूस दोन्ही हात सोडून सायकल हाकायचा, हे वळण मीच लावलं, हेही ती न विचारता सांगायची. वसंतराव नेहमीप्रमाणे काही बोलले नाहीत. त्यांची सवय टिपली गेली, हळूहळू शहरभरच्या पायांत उतरली आणि अपघात जवळजवळ थांबले. गेल्या हिवाळ्यात वसंतराव झोपेतच गेले. एवढा शिस्तीचा माणूस, जातानाही कोणाला उठवलं नाही.

संध्याकाळचं हे थांबणं तेव्हा नुकतंच लोकांच्या ध्यानात येऊ लागलं होतं. मंडळाने त्यावर आपल्याला येत होता तेवढा एकच उपाय केला. नवा गुन्हा काढला आणि चलानं फाडली.

त्या मे महिन्यात एका दुपारी दुरुगकरबाई स्वतः हेमलताच्या घरी आल्या. कूलरसमोर बसून त्यांनी पन्ह्याचा पेला हातात घेतला आणि तो तसाच धरून ठेवला.

"सवय कधी एकटी नसते, हेमलताताई," त्या म्हणाल्या. "ती कुठल्या तरी खुंटीवर टांगलेली असते. वीज गेलीय हे माहीत असूनही खोलीत शिरताना आपला हात बटणाकडे जातो. का? चौकट ओलांडली म्हणून. तिथे चौकट ही खुंटी. भोयरांच्या या थांबण्यालाही कुठली तरी खुंटी आहे. ती कळली तर तेवढंच थांबणं काढून टाकता येईल."

"आणि नाही कळली तर?"

नाही कळली तर महिनाअखेर मंडळ सगळंच पुसणार होतं. लाल दिव्याला थांबणं, डावा पाय, अंगठा, सगळं. अपघात पुन्हा सुरू होतील हे दुरुगकरबाईंनी सांगितलं. दुसरी गोष्ट हेमलताला कोणी सांगायची गरज नव्हती. वसंतराव दुसऱ्यांदा जातील, आणि या खेपेला सगळ्या शहरातून.  मग एकाएकी तिला हसू आलं.

"अहो मॅडम, एवढं काय शोधून राहिल्या तुम्ही? सावली आहे ती."

नागपूरच्या उन्हाळ्यात पट्ट्यावर उभा राहतो तो बाहेरगावचा, हे तिने त्यांना समजावलं. इथला माणूस सिग्नल दुरून दिसला की अलीकडच्या झाडाखाली थांबतो आणि हिरवा झाला तरी मागच्याने घंटी बडवल्याशिवाय सावली सोडत नाही. तीननिंबला तर भर रस्त्यावर तीन निंब. हवालदारसुद्धा चलान फाडायला उन्हात येत नाही, तर आमचे हे कसे येतील?

दुरुगकरबाई नागपूरच्याच होत्या. सावलीचा विचार त्यांनी आधीच करून ठेवला होता. सावलीत थांबणारा माणूस पट्ट्याच्या अलीकडे थांबतो, त्या म्हणाल्या, आणि भोयर तर अगदी पट्ट्याला चाक लावून उभे राहायचे. शिवाय कॅमेऱ्याच्या जुन्या चित्रणात ते डिसेंबरातही थांबलेले दिसतात, भर पावसातही. तेव्हा हा गुन्हा नव्हता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही एवढंच.

"आणि सकाळी बँकेत जाताना हिरवा लागला की ते सगळ्यांच्या आधी निघायचे," त्या पेल्याकडे बघत म्हणाल्या. "थांबायचे ते फक्त घरी येताना. घर जवळ येईल तसं जास्त. सगळ्यात जास्त तीननिंबला."

तीननिंब ओलांडलं की डाव्या हाताला हेमलताचं घर होतं. ती उठली आणि कारण नसताना कूलरमध्ये पाणी ओतू लागली.

बाई पुढे जे बोलल्या ते त्यांनी अजून मंडळालाही सांगितलं नव्हतं. रोपलेल्या सवयीला तिची मूळची खुंटी मिळाली नाही, तर ती नव्या घरात नवी खुंटी शोधते. पाय अडला की माणूस स्वतःला विचारणारच, की मला घरी का जावंसं वाटत नाही? आणि शोधायला बसलं की काही ना काही सापडतंच.

"मीही टोपरं घातलंय," त्या म्हणाल्या. "माझी आई असते घरी. तिच्यावर माझा कधी राग नव्हता. आता रोज चौकात उभी असते तेव्हा तिचं एकेक बोलणं आठवतं. शहरात अशी किती घरं झाली असतील, मला मोजायची भीती वाटते."

त्या दिवसापासून हेमलताला अन्न गोड लागेना. घराभोवती ती खुंट्या शोधू लागली. शेजारचे नंदनवार फाटकात गाठून तास तास राजकारण सांगायचे, ते असतील का? पण नंदनवार पाच वर्षांपूर्वीच मुलाकडे राहायला गेले होते. कोपऱ्यावरचं पिसाळल्यासारखं भुंकणारं कुत्रं? ते तर यांना बघून शेपटी हलवायचं. खालच्या आळीतला चढ? चढ कुठला, सपाट रस्ता. एकेक खुंटी ती ठोकून बघायची आणि ती हातात निघून यायची. एक खुंटी उरली होती, तिच्याकडे तिने नजर टाकली नाही.

शेवटी ती प्रयोगशाळेत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "टोपरं मले घाला. माझा माणूस होता, मीच बघते."

पंचावन्नच्या पुढच्यांना सवयरोपणातून सूट होती, म्हणून तिने ते कधी घेतलं नव्हतं. बाईंनी हो म्हणायला वेळ घेतला. आठ दिवसांत विरून जाईल अशी सौम्य मात्रा देता येईल, पण सवयीबरोबर अंगाला जे वाटायचं तेही येतं, हे त्यांनी दोनदा बजावलं. तुम्हाला कळेल ते कदाचित कळायला नको असेल, असंही म्हणाल्या. हेमलता तोवर खाटेवर आडवी झाली होती.

संध्याकाळी बँक सुटायच्या वेळेला ती वसंतरावांचीच सायकल घेऊन बँकेच्या फाटकातून निघाली. पहिल्या लाल दिव्याला तिच्या मनात काही यायच्या आत ब्रेक दाबला गेला आणि डावा पाय खाली आला. अंगठा घंटीवर गेला. तिला रडू फुटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती एका जागी शांत उभी होती, आणि ही शांती तिची नव्हती, त्यांची होती.

दिवा हिरवा झाला तेव्हा पाय उचलायला किंचित उशीर झाला. पुढच्या चौकात त्याहून जास्त. मग तीननिंब आलं. लाल. ती पट्ट्याला चाक लावून थांबली, मान आपोआप उजवीकडे कलली, आणि कुकरची वाफ निघून जावी तशी छाती हलकी झाली. आजूबाजूला दुपट्टे बांधलेली माणसं उभी होती. इतकं बरं तिला घरात कधी वाटलं नव्हतं. हे मनात आलं आणि तिचं तिलाच दचकायला झालं.

हिरवा लागला.

पाय उचलला नाही. पोट आत ओढलं गेलं, खांदे वर आले, जीभ टाळूला चिकटली. आता कोणीतरी काहीतरी विचारणार आणि आपलं उत्तर चुकणार, अशा अंदाजाने सगळं अंग आवळून तयार झालं. कान कुठल्या तरी आवाजाची वाट बघत होते. कुठला आवाज ते सवयीने सांगितलं नाही; सवयीला शब्द नसतात. पण शब्द हेमलताला पाठ होते. आलात? एवढा उशीर? पिशवी तिथं नका ठेवू. पाय धुतले? मी काय सांगितलं होतं? बोला ना, तोंडात काय मूग भरले? तीस वर्षं रोज फाटकात उभं राहून ती हे म्हणत आली होती, आणि प्रेमानेच म्हणत आली होती. हे सगळं सायकलच्या सीटवरून कसं ऐकू येतं, ते तिला आज पहिल्यांदा कळलं.

तिने त्यात राग शोधला. मनापासून शोधला, कारण राग असता तर तिला भांडता आलं असतं. राग नव्हताच. जड पोतं उचलायच्या आधी हमाल क्षणभर थांबतो ना, तेवढंच होतं, रोज होतं. लाल दिव्याला हा माणूस कधी चुकला नाही, कारण लाल दिवा हाच त्याचा विसावा होता. तिने लावलेलं वळण ते हे.

चौकातला हवालदार जवळ आला. "काकू, हिरवा झाला ना. कायले थांबून राहिल्या?"

"जाते," ती म्हणाली, आणि गेली नाही.

पिशवीतला फोन वाजला, आधी चलानाचा, मग दुरुगकरबाईंचा. त्या दुरून खांबावरच्या कॅमेऱ्यातून बघत असाव्यात. खुंटी सापडली का, असं त्यांनी विचारलं. सावली म्हणावं, नंदनवार म्हणावं, कुत्रं म्हणावं, असं हेमलताच्या ओठांवर आलं होतं. पण खोटं सांगितलं तर महिनाअखेर हे शे-दीडशे वसंतराव पुसले जाणार होते.

"सापडली," ती म्हणाली. "मी."

 मग बाई शास्त्रज्ञाच्या आवाजात बोलल्या, तोच त्यांना सोपा असावा. तुमच्या आवाजाला बांधलेली गाठ शहरातल्या सगळ्यांमधून सोडवता येईल, त्या म्हणाल्या, आणि भोयरांची बाकीची सवय तशीच राहील. लोकांनी आपापल्या घरात ज्या खुंट्या ठोकून घेतल्या त्या मात्र माझ्या हातात नाहीत. आणि मग, जरा थांबून, "घरी जा, हेमलताताई. उन्हाचं उभं राहू नका."

घरी कोणी नव्हतं. दाराला कुलूप होतं, फाटकात कोणी उभं नव्हतं, उशीर का झाला म्हणून विचारणारं कोणी नव्हतं. हेमलताने हे स्वतःला नीट समजावून सांगितलं आणि पायाला उठायला सांगितलं. दिवा लाल झाला, हिरवा झाला. पाय जागचा हलला नाही, कारण ज्या बाईला गाठायचं लांबवण्यासाठी तो इतकी वर्षं इथे टेकत होता, ती बाई घरी नव्हती, सायकलवर बसली होती.