सातवं तिकीट

बॅगा भरून झाल्या? पाण्याच्या बाटल्या? मग बसा जरा इथे. उद्या पहाटे निघणार म्हणताय, लहान पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर घेऊन. चांगलं आहे, जाऊन या. पण निघण्याआधी एक ऐकून ठेवा. दिवा राहू दे बंद, डास येतात.

माझ्या ओळखीतल्या माणसाची गोष्ट आहे. आम्ही एकाच बसडेपोत होतो. तो कंडक्टर आणि मी रात्री गाड्या धुणारा. मी चार इयत्ता शिकलेलो, तो माझ्याहून तीनच जास्त. पण मोजण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गाडी कितीही भरलेली असो, मागच्या सीटपासून पुढे यायचा, प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावायचा, आणि आकडा जुळल्याशिवाय डबल बेल द्यायचा नाही. लोक चिडायचे. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. हा आपला मोजतोय.

निवृत्त झाला तरी ती सवय गेली नाही. घरात माणसं सहा. तो, बायको, मुलगा, सूनबाई आणि दोन नाती. मोठीला सगळे थोरली म्हणायचे. धाकटी पाच वर्षांची, कपाळावरच्या तिळामुळे तिचं नाव पडलं टिकली. मुलाने सात जणांची गाडी घेतली आणि गेल्या वर्षी, नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, दोन दिवसांच्या सहलीला सगळे निघाले. कंडक्टर सगळ्यात मागच्या सीटवर. त्याच्या शेजारी टिकली.

"सहा," तो म्हणाला आणि गाडीच्या छताला आतून दोनदा टकटक केलं.

"बाबा, आपण सहाच आहोत, चव्वेचाळीस नाही," सूनबाई हसत म्हणाली.

"मोजू दे गं त्यांना," आजी म्हणाली. "पोराच्या लग्नातसुद्धा पंगतीत मला मोजून मगच जेवायला बसले होते."

टिकलीच्या गळ्यात आजोबांचा जुना पंच होता. तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा. त्याचा एक दात तुटलेला, म्हणून भोक गोल न पडता वाकड्या चंद्रासारखं पडायचं. बरोबर जुन्या तिकिटांचा एक उरलेला गठ्ठा. सहलीच्या गाडीची जाऊन-येऊन तिकिटं होती ती. जाताना एक भोक, येताना दुसरं. टिकलीने सगळ्यांना तिकिटं फाडून दिली, भोकं पाडली, आणि बजावलं, "हरवू नका. येताना मी तपासणार."

शनिवारी धरण पाहिलं, बोटीत बसले. रात्री लॉजवर राहिले. रविवारी सकाळी संग्रहालय, दुपारी बाग. थोरलीने दुर्बिणीसाठी भुणभुण लावली होती. मुलगा म्हणाला, "परतताना डोंगरावरच्या पॉइंटवर थांबू. तिथे मोठी दुर्बीण आहे. सूर्यास्तही बघू."

कंडक्टर टिकलीच्या केसांत बोटं फिरवत होता, ती बोटं थांबली.

घरच्यांना माहीत नव्हतं. त्याने कधी सांगितलंच नव्हतं. मला माहीत होतं, कारण त्या रात्री ती गाडी मी धुतली होती.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सहलीची गाडी, चव्वेचाळीस प्रवासी. शेवटचा थांबा तोच पॉइंट. संध्याकाळी एकदम धुकं उतरलं. लोक कुडकुडत गाडीत शिरले, पोरं रडायला लागली, ड्रायव्हरने इंजिन सुरू करून ठेवलं. त्या काळी तो मोजत नसे. दारात उभा राहून त्याने विचारलं, "आले का सगळे?"

"आले, आले!" सगळे ओरडले. बाप पोरांच्या वतीने ओरडले, बायका नवऱ्यांच्या वतीने. याने डबल बेल दिली.

रात्री अकरा वाजता डेपोत गाडी झाडताना मला मागच्या सीटखाली कापडी पिशवी मिळाली. आत चष्मा, एक डबा आणि कंगवा. एक म्हातारी होती. एकटीच आलेली. तिच्या वतीने ओरडायला गाडीत कोणी नव्हतं.

पहाटे डेपोतून माणसं तिला शोधायला गेली. ती पॉइंटवरच्या बाकावर बसलेली सापडली. ताठ. गाडी ज्या बाजूने येते तिकडे तोंड करून. थंडीनेच गेली होती. तिला न्यायलाही कोणी आलं नाही. चौकशी झाली, कंडक्टर तीन महिने घरी बसला; घरच्यांना आजारपणाची रजा म्हणून सांगितलं. परत आला तो बोटं लावून मोजणारा झाला.

तर, त्या पॉइंटवर गेल्या वर्षी हे सगळे पोचले तेव्हा साडेसहा वाजले होते. सूर्य गेलेला. दुर्बिणीपुढे रांग होती, ती हळूहळू पांगली. फुगेवाला गेला. चहाची टपरी बंद झाली. शेवटी ही सहा माणसंच उरली. लोखंडी कठडा, त्याच्यापलीकडे सरळ दरी. अलीकडे तोच बाक.

बाक रिकामा होता. त्याने तीन वेळा पाहिलं.

सातच्या सुमाराला धुकं चढलं.

"आजोबा," टिकलीने त्याचा सदरा ओढला, "बाकावरच्या आजींना तिकीट द्यायचं राहिलंय."

"कोणत्या आजी?"

"त्या काय."

बाक आता दिसतही नव्हता. "आपली आजी गाडीपाशी आहे. चल, थंडी वाजेल." त्याने तिला बायकोच्या हवाली केलं. बायकोने आपली शाल तिच्या अंगावर गुंडाळली, आणि झोपाळलेल्या थोरलीला उचलायला वळली. मुलगा चटई घडी करत होता. सूनबाई थर्मास शोधत होती. सगळे म्हणत होते, चला, चला.

कंडक्टर मागच्या सीटवर जायला वाकला. गुडघे दुखत होते, वेळ लागला. आत अंधार. टिकली आधीच येऊन बसली होती, खिडकीला टेकून, डोक्यावरून शाल घेऊन.

"शहाणी माझी," तो म्हणाला.

दारं लागली. त्याने मोजायला सुरुवात केली. आपण एक. शेजारी बोट लावलं, दोन. शाल धुक्याने ओली झाली होती. मधल्या सीटवर बायको आणि तिच्या मांडीवर थोरली, तीन, चार. पुढे मुलगा आणि सून.

"सहा."

टक. टक.

गाडी निघाली. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

घाटातली वळणं. थोरली घोरत होती. काचेवर वायपर जायचा, यायचा.

"टिकले," तो हळूच म्हणाला, "सगळ्यांचं दुसरं भोक राहिलं की गं."



"झोपलीस?"



त्याने शाल नीट करायला हात पुढे केला. गार. फार गार. लेकराचं अंग असं गार नसतं. हात डोक्यावर गेला. टिकलीचे केस आखूड. हाताला लागला तो अंबाडा. छोटा. विरळ. म्हाताऱ्या बाईचा.

त्याने हात काढला नाही. काढताच आला नाही.

"अहो," पुढून बायको म्हणाली, "टिकली झोपली का तुमच्याजवळ?"





त्याने दुसऱ्या हाताने छतावर एकदा ठोकलं. एकदाच. सिंगल बेल. थांबा.

मुलाने करकचून ब्रेक लावला आणि आतला दिवा लावला.

शेजारची सीट रिकामी होती. गादीवर ओल होती, बसलेल्या माणसाएवढी.

सूनबाईने मागे वळून पाहिलं. आधी सीटकडे, मग सासऱ्याच्या तोंडाकडे. तिच्या घशातून जो आवाज निघाला तो त्याला अजून ऐकू येतो म्हणे.

"बाबा!" मुलगा ओरडला. "तुम्ही मोजलं होतं ना! तुम्ही सहा म्हणालात म्हणून मी..."

हो. म्हणूनच. त्या घरात कोणी मागे वळून बघत नसे, कारण बाबा मोजत. आणि ज्या डोंगरावर एकदा माणूस विसरला, तिथेच तो आज पाच वर्षांच्या पोरीला, कठड्याजवळ, धुक्यात...

गाडी वळली. अकरा मिनिटांचा रस्ता. कोणी रडलं नाही, एवढी सगळ्यांना भीती वाटत होती. आजी फक्त थोरलीला घट्ट धरून बसली होती.

पॉइंटवर गाडी पुरती थांबण्याआधीच म्हातारा उतरला. गुडघे कुठे दुखत होते ते त्याला कळलंही नाही. "टिकले! टिकले!"

"इथे आहे, आजोबा."

ती बाकावर होती. शाल गुंडाळून, पाय वर घेऊन. अर्ध्या बाकावर. उरलेला अर्धा मोकळा ठेवलेला.

सूनबाईने तिला छातीशी धरलं. पोर गरम होती, कोरडी होती. रडलेली नव्हती. उलट जरा वैतागलेली होती. "आई, सोड ना. हलायचं नाही म्हणून सांगितलंय."

"कोणी गं? कोणी सांगितलं?"

"आजींनी. मी त्यांना तिकीट द्यायला आले होते. मी त्यांना जातानाचं एक भोक पाडून दिलं. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी पळणार होते, पण त्या म्हणाल्या, पळू नकोस, तिकडे दरी आहे. जागेवर बसलं की गाडी परत येतेच. मी जाते आणि त्यांना वळवून आणते." टिकलीने आजोबांकडे पाहिलं. "आणि म्हणाल्या, तेवढ्यात माझंही एकदा मोजून होईल."

मुलगा आईकडे बघायला लागला. आई नवऱ्याकडे.

कंडक्टर बाकापाशी गेला. मोकळ्या राहिलेल्या अर्ध्या भागासमोर उभा राहिला. सव्वीस वर्षं त्याला काहीतरी म्हणायचं होतं. शेवटी त्याने टिकलीच्या गळ्यातला पंच काढून स्वतःच्या मुठीत घेतला, आणि दुसऱ्या हाताचं बोट हवेत पुढे केलं. खांद्याच्या उंचीवर.

"सात," तो म्हणाला. "चला. जागा आहे."

येताना टिकली आईच्या मांडीवर पुढे बसली. मागच्या सीटवर तो कडेला सरकून बसला, खिडकीची बाजू मोकळी सोडून. घरी पोचेपर्यंत शेजारी वळून पाहिलं नाही. मूठही उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा गाडी माझ्याकडे धुवायला घेऊन आला. आता माझं स्वतःचं छोटं धुलाई केंद्र आहे ना. मागून म्हातारा चालत आला. नळापाशी बसला आणि हे सगळं त्याने मला सांगितलं, जसं मी तुम्हाला सांगितलं तसंच. घरातल्या सहाही जणांची तिकिटं त्याने खिशातून काढून दाखवली. सहा तिकिटं, एकेक वाकडा चंद्र. येतानाचं भोक कोणाचंच पाडलेलं नव्हतं. टिकली झोपून गेली होती, आणि पंच याच्या मुठीत.

मी गाडी झाडायला घेतली. जुनी सवय, मागच्या सीटपासून.

काय म्हणालास? खरं की रचलेलं? अरे, मी धुणारा माणूस. गाडीत जे सापडतं तेवढंच मला माहीत.

खिडकीच्या बाजूला, सीटच्या फटीत, एक तिकीट होतं. त्याच गठ्ठ्यातलं, सातवं. ओलं. मी उन्हाकडे धरून पाहिलं.

दोन भोकं होती. दोन्ही वाकडी.