वरची कावेरी

तोंडात चार टाचण्या धरून कावेरी गिऱ्हाइकाच्या पाठीवर ब्लाउजचा टक्स धरत होती, तेव्हा गच्चीवरून तिचाच आवाज आला.

"आई, मोगऱ्याला आज नको, काल दिलंय. दोन पावलं डावीकडे ये. कढीपत्त्याला अर्धा तांब्या घाल, आणि त्याला सांग, पानं गाळायचं नाटक पुरे झालं."

गिऱ्हाईक बाई दचकल्या. "अगंबाई, तू इथं, मग वर कोण?"

कावेरीला टाचण्यांमुळे बोलता येईना. भिंतीशी बसून हुकं लावणाऱ्या नसीमभाभीने तिच्या वतीने उत्तर दिले, "वरची कावेरी आहे ती. खालचीला फुरसत नाही ना, म्हणून मागवलीय."

फुरसत नव्हती हे खरेच होते. बार्शीत आता लग्नाचा मुहूर्त भटजी काढत, पण शेवटचा शब्द हवामान खात्याचा. सकाळी नऊनंतर मांडवात माणसे जमवायची नाहीत, आणि लाल इशाऱ्याच्या दिवशी तर मांडवच घालायचा नाही. त्यामुळे पूर्वी अडीच महिन्यांत होणारी लग्ने वैशाखातल्या तीन आठवड्यांत कोंबली जात. अंगाचे माप घेऊन पाच मिनिटांत ब्लाउज कापून देणारी यंत्रे बाजारात आली होती. तो ब्लाउज काखेत धरतो, हे बायकांना लग्नाच्या आठ दिवस आधी कळे, आणि मग त्या तणतणत कावेरीच्या दारात उभ्या राहत. यंदाच्या मापवहीत चौऱ्याऐंशी ब्लाउज होते. हात दोनच, आणि भाभीचे धरून चार.

वर गच्चीवर छत्तीस कुंड्या होत्या. आईने, म्हणजे सुनंदाबाईंनी, तीस वर्षांत त्या जमवल्या होत्या आणि त्यातले एकही झाड विकत आणलेले नव्हते. विकतचे झाड मन लावून वाढत नाही, असे त्यांचे मत. प्रत्येक फांदी कुणाकडून तरी मागून आणलेली, आणि झाडाला नावही त्या बाईचेच. जास्वंद म्हणजे कुंभारीणकाकू, तगर म्हणजे मुख्याध्यापकीणबाई. कुंभारीणकाकूंना मावा लागलाय, असे त्या चारचौघांत बोलत आणि ऐकणारा गप्प होई.

काचबिंदूने त्यांचा डावा डोळा कधीच नेला होता. उजव्याला सावल्या दिसत. गेल्या वैशाखात कावेरी तीन आठवडे गच्चीवर गेली नाही आणि आई मात्र रोज न चुकता पाणी घालायला जात होती. लग्नसराई सरल्यावर कावेरी वर गेली, तेव्हा एकोणीस कुंड्या वाळून कोळसा झाल्या होत्या. आई मेलेल्या तगरीला पाणी घालत उभी होती. "मुख्याध्यापकीणबाई यंदा रुसल्यात गं, फुलायचं नाव नाही," ती म्हणाली होती. पुढचे वर्षभर ओळखीपाळखीच्या घरांतून फांद्या मागत फिरून आईने छत्तीसचा आकडा पुन्हा पुरा केला. पण तगर मुख्याध्यापकीणबाईंच्या घरची मिळाली नाही. त्या घरी आता बागच नव्हती.

म्हणून यंदा सोबतीण नावाचे यंत्र आले. प्रत्येक कुंडीत एक तहानकाडी खोचायची. ती मातीतला ओलावा मोजे, आणि मुळांतून धावणारा विजेचा बारीक कंपही टिपे. पाने मान टाकायच्या दोन दिवस आधी तो कंप बदलतो म्हणे. कठड्यावर ठेवलेली डबी छत्तीस काड्यांची गाऱ्हाणी ऐके आणि माणसाच्या भाषेत सांगे. नळीने आपोआप पाणी सोडायचीही सोय होती, पण आईने ती साफ नाकारली. "मग मी काय करू? कुंड्यांची हजेरी घेऊ?" त्यामुळे डबीने बोलायचे आणि आईने तांब्या धरायचा, असे ठरले. एकट्या माणसाचा जीव रमावा म्हणून डबी गप्पाही मारी. त्या गप्पांतले एक अक्षरही कुणाला कळणार नाही, अशी लेखी हमी होती.

आवाज घरातल्या माणसाचा देता येई. त्याचा साचा करायला तीन तासांचे बोलणे लागणार होते. वैशाखाच्या तोंडावर तीन तास कुठून आणायचे? कावेरीला आईचा जुना फोन आठवला. पंधरा वर्षांपूर्वी ती पुण्याला होस्टेलवर राहून फॅशनचा कोर्स करत होती, तेव्हा घरच्या आठवणीने रोज आवाजी निरोप पाठवी. मोगरा काय म्हणतोय, कुंभारीणकाकू बऱ्या आहेत का, तू जेवायला आज काय केलंस, मला सगळं सांग. आईने दोनशे अकरा निरोप जपून ठेवले होते. कावेरीने ते सगळे उचलून डबीत भरले. काम दहा मिनिटांत झाले आणि ती काजांच्या मागे लागली.

बाग तरारली. पारा सत्तेचाळीसवर गेला, शेजारच्या गच्च्या भाजून निघाल्या, आणि इथे मोगऱ्याला कळ्या. वरून आईचे हसणे ऐकू येई. दर रविवारी डबी कावेरीच्या फोनवर आठवड्याचा गोषवारा पाठवी. पाणी एकशे चाळीस लिटर, मेलेली झाडे शून्य, संभाषण एकवीस तास दहा मिनिटे. कावेरी पहिल्या दोन ओळी वाचून खूश होई. तिचे स्वतःचे आईशी होणारे बोलणे कुणी मोजत नव्हते, हे बरेच होते. ते तीन वाक्यांचे होते. जेवलीस का, थेंब घातलेस का, दार लावून घे. यातल्या पहिल्या दोन्हींचे उत्तर ऐकायला ती थांबत नसे.

एका दुपारी नसीमभाभी आईला रिक्षात घालून दोन तास कुठेतरी घेऊन गेली. "देवळात गेलो होतो," आई म्हणाली. नसीमभाभीला अचानक कुठला देव पावला, हा प्रश्न कुणालाही पडला असता. कावेरीला पडला नाही, तिच्या हातात वरमाईचा पैठणी ब्लाउज होता.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मोठी कात्री सापडेना, म्हणून ती तरातरा गच्चीवर गेली. आई पाठमोरी होती.

"आई."

"कुठल्या कुंडीचं गं?" आईने वळून न पाहता गोड आवाजात विचारले.

"कुंडीचं काय? मी आहे, मी! माझी कात्री कुठं ठेवलीस?"

"हां, तू होय! आवाज चढला तेव्हा ओळखलं." आई हसली. "कात्री मापवहीखाली असेल, तिथंच असते. आणि काय गं, हिला माप कुठलं दिलंस?"

"माप?"

"आवाजाचं. ही पुण्याची कावेरी आहे. एकोणीस वर्षांची."

"जुने निरोप होते, ते दिले. वेळ कुठं होता?"

"मशीन तुझ्या हाती देताना मी धंद्यातली पहिली गोष्ट काय शिकवली होती तुला? जुन्या ब्लाउजवरून माप घेऊ नये. अंग बदलतं, गिऱ्हाईक कबूल करत नाही. टेप लावायचाच."

"बदलू का मग आवाज? आताचा देते, तीन तास बोलून."

तांब्यातले पाणी आईने बोटाने ढवळले. "नको," ती म्हणाली. "हीच बसलीय अंगात."

कावेरीला हे लागले. पण खालून बेल वाजत होती आणि लागलेले बघत बसायला वैशाख ही काही वेळ नव्हे. ती जिना उतरत होती तेव्हा मागून तिचाच आवाज, तिच्यापेक्षा हलका आणि निवांत, म्हणत होता, "ती दमलीय गं आई. बरं, तू कालची गोष्ट अर्धी सोडलीस, पुढं काय झालं?"

चौऱ्याऐंशीवा ब्लाउज ज्या दिवशी गेला, त्या दिवशी ऊन कलल्यावर कावेरीने दुकानाचे दार आतून लावले. नसीमभाभी दोऱ्याची रिळे डब्यात भरत होती. "आता वर जा," ती खाली मान घालूनच म्हणाली. "जरा बस अम्मीपाशी. घाई करू नकोस."

गच्चीवर छत्तीसच्या छत्तीस कुंड्या हिरव्या होत्या. आई उपड्या बादलीवर बसली होती, डोळे उघडे, मावळतीकडे. कावेरी चोरपावलांनी कठड्याशी गेली आणि डबीचा खटका बंद केला. आता हिचे काम संपले. आता आपण. ती जमिनीवर बसली आणि बोलायला तोंड उघडले, तर काय बोलायचे ते सुचेना. जेवलीस का, थेंब घातलेस का, यापलीकडे शब्द सापडत नव्हते. मग तिला स्वतःचा जुना प्रश्न आठवला. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घसा बसला होता, त्यामुळे आवाज आपसूकच हलका लागला.

"आई, मोगरा काय म्हणतोय?"

आईचा चेहरा उजळला. "म्हणतोय, मला पाहणारं कुणी उरलं नाही." ती हसली. "आज किती वेळ गप्प होतीस गं. मला वाटलं, बिघडलीस. ऐक, तुला सांगायचं राहिलं. सावल्या गेल्या बघ."

"कुठल्या सावल्या?"

"उजव्या डोळ्यातल्या. अक्षय्य तृतीयेपासून हळूहळू विझत होत्या. आज सकाळी तांब्या डोळ्यासमोर धरला, तोही दिसला नाही. डॉक्टरीणबाईंनी भाभीसमोर बजावलं होतं, दाब वाढलाय, पंधरा दिवसांत ऑपरेशन करा, म्हणजे उरलंय तेवढं राहील. आता नेमके हेच पंधरा दिवस! भाभीला मी शपथ घातली. पोरीचे चौऱ्याऐंशी ब्लाउज, त्यात माझं एक लचांड कशाला? तसं पाहायचं तरी काय राहिलंय? तिचं तोंड. ते मला पाठ आहे."

'देवळात' गेलेल्या त्या दुपारपासून पंधरा दिवस उलटून चार दिवस झाले होते. कावेरीने ते सुईने भोकाळलेल्या बोटांवर मोजले.

आईने अंदाजाने कठड्याकडे तोंड वळवले, जिथे बंद डबी होती. "तू आहेस म्हणून बोलून टाकता येतं गं. पण हे खालच्या कावेरीला सांगू नकोस हं. ती चिडेल, मग रडेल, मग पुन्हा कामाला लागेल. मला कळलं ना, की तू तिला सांगतेस, तर उद्यापासून मी तुलाही काही सांगायची नाही. कळलं का?"

डॉक्टरीणबाईंकडे आत्ताच्या आत्ता जायला हवे होते. अजून काही उरले असेल, तर वाचेल. त्यासाठी आधी आईने हो म्हणायला हवे, रिक्षात बसायला तयार व्हायला हवे. आणि आई आजवर कुणाचे ऐकत आली होती, हे त्या गोषवाऱ्यातल्या संभाषणाच्या तिसऱ्या ओळीत दर रविवारी स्पष्ट लिहून येत होते.

"बोल की गं," आई म्हणाली. "गप्प का झालीस?"

उत्तर द्यायचेच होते. पण कुठल्या कावेरीच्या आवाजात?