तिसरं मिक्स

स्पीकर पोटाशी धरून ती जिना उतरत होती. पुढची पायरी दिसत नव्हती, म्हणून पायाने चाचपत. वळणावर कुणीतरी वर येत होतं. तिने अंग चोरलं, त्यानेही चोरलं, आणि दोघं एकाच बाजूला आले.

"हा खाली चाललाय?" त्या माणसाने विचारलं. "मग... संध्याकाळी काय?"

तिला प्रश्न कळेना. तो ओशाळला. तो तिच्या घराच्या थेट खालच्या घरात राहत होता, कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान त्याचं. गेले दोन महिने रोज संध्याकाळी त्याच्या छतातून एकच अल्बम ऐकू येत होता. तिने माफी मागितली. त्याला माफी नको होती. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की एका दिवशी ड्रम जवळ वाजतात आणि दुसऱ्या दिवशी लांब, हे कसं?

तिने स्पीकर पायरीवर टेकवला. जेवलीस का, झोप लागते का, असं सगळे विचारत. इतकं नेमकं बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

अल्बम बाबांचा. एका जुन्या रॉक बँडचा, बाबांच्या तरुणपणातला. चार कोपऱ्यांतल्या चार स्पीकरमधून चहूबाजूंनी ऐकण्यासाठी त्याची दोन मिक्स होती, एक त्या काळी केलेलं आणि एक पुष्कळ वर्षांनी. गाणी तीच, वाजवणारे तेच. कोणतं वाद्य कुठल्या स्पीकरमधून यावं, एवढाच फरक. बाबांचा जीव जुन्यावर. त्यातली गिटार आपल्याभोवती फेर धरते म्हणत, आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्या आवाजामागे मान फिरवत. ती मुद्दाम नव्याची बाजू घेई. बापलेकीचा हा वाद वर्षानुवर्षं चालला, आणि तो मिटू नये याची दोघांनीही काळजी घेतली.

बाबा गेल्यावर ती जुनं मिक्स प्रथमच मन लावून ऐकायला बसली — आणि त्यात फेर नव्हताच. गिटार धडपडत इकडून तिकडे उड्या मारायची. नवं छान वाजे, जुनं नाही. रोज संध्याकाळी, एक दिवस हे आणि एक दिवस ते, असं आलटून पालटून लावूनही बाबा कशावर एवढे खुलायचे, ते तिला सापडलं नाही. आपण त्यांना कधी नीट ओळखलंच नाही की काय, असं वाटायला लागलं होतं. शेवटी मामेभावाला सांगितलं, ये आणि सगळं घेऊन जा.

यातलं निम्मंच ती बोलली. चष्मेवाल्याने स्पीकर उचलला आणि वर चढायला लागला.

"एकदा छताच्या या बाजूने ऐकू द्या. नंतर मीच खाली आणून देतो. माझ्याकडे आपलं तिसरंच मिक्स येतं... नुसती धडधड." मग घाईने, "म्हणजे ड्रमची."

ती हसली. हसू ओठांवर जरा अवघडूनच आलं, सवय मोडल्यासारखं.

तिने स्पीकर पुढच्या कोपऱ्यात जोडला. त्याने तिला बाबांच्या खुर्चीत बसवलं. दुकानात 'बरं दिसतंय का' विचारलं, की लोक भिडेखातर हो म्हणतात, त्याने सांगितलं; म्हणून तो मत विचारतच नाही, करून दाखवायला लावतो.

"डोळे मिटा. गिटार जिथे असेल तिथे बोट दाखवा."

"आणि तिथे तुम्ही उभे असलात तर?"

"तर बोट माझ्याकडे येईल. माझी तक्रार नाही."

तिने डोळे मिटले. गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "तुमचं बोट फुली मारतंय."

पुढून डावीकडून निघालेलं बोट तिरकं मागे उजवीकडे गेलं होतं, मग मागे डावीकडे, मग पुन्हा तिरकं पुढे. मागचे दोन स्पीकर उलटसुलट तर लागले नाहीत ना?

भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा हवी म्हणून बाबा गेले त्या दिवसांत खोली रिकामी केली होती, आणि मागाहून तारा तिनेच जोडल्या होत्या. नव्या मिक्समध्ये मागून फक्त धूसर कोरस येतो, त्यामुळे तिथे काही बिघडलेलं कळलं नव्हतं. दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासून पोट भरणारी ती. स्वतःची चूक मात्र तिला दिसली नव्हती.

गुडघ्यांवर बसून तिने मागच्या दोन्ही तारांची अदलाबदल केली.

आता गिटार निघाली ती डाव्या कानाजवळून सरकत मानेमागे गेली, उजवीकडून हळूच पुढे आली, आणि पुन्हा निघाली. तिची मान आपोआप वळत गेली — बाबांची वळायची तशीच. दुसऱ्या फेऱ्याला समोरची खिडकी डोळ्यांत विरघळली. चष्मेवाला पाठ करून शेल्फावरच्या पुस्तकांची नावं वाचत उभा राहिला, गाणं संपेपर्यंत.

"जुनंच चांगलं," ती म्हणाली. "बाबा जिंकले." आणि हे त्यांना कळवायची काही सोय नव्हती.

मामेभावाला आता 'नको येऊस' म्हणून ती कळवणार होती. चष्मेवाला दाराशी घुटमळला.

"खरं सांगू? पूर्वी दुकान बंद केलं तरी मी घरी यायचो नाही. उगाच शटरपाशी रेंगाळायचो. घरात आवाजच नसतो ना... हल्ली लवकर येतो."

तिने दाराच्या कडीशी चाळा केला.

"उद्यापासून आवाज कमी ठेवणार आहे मी."

त्याचा चेहरा उतरला. "का? मला काही त्रास नाही होत."

"अगदी कमी. खाली काहीसुद्धा ऐकू येणार नाही."

"मग मी..."

"मग काय," ती म्हणाली, "वर यावं लागेल."