तिसरं वाचन

या, असे जवळ येऊन बसा. गोष्ट एका भावाची आहे. मोठ्यानं सांगण्यासारखी नाही, म्हणून जवळ बोलावलं.

एका प्रयोगशाळेत एक बाई पेशी वाढवायचं काम करायची. सगळे तिला ताई म्हणत. सकाळी आठला हात धुऊन ती चपट्या बाटल्यांसमोर बसे, त्यांतलं गुलाबी पाणी बदले, कुठली पेशी रुसली, कुठली माजली ते भिंगातून बघे. तिची वहिनी थट्टेनं म्हणायची, "वन्सं, या बाटल्यांना जपता तेवढं कधी स्वतःला जपा."

ताईचं काम आधी समजून घ्या. आपल्या देहात कोट्यवधी पेशी, आणि प्रत्येकीजवळ तीच एक पोथी. पण डोळ्यातली पेशी आपला अध्याय वाचते, कातडीतली आपला; बाकीची पानं बारीक खुणा लावून मिटलेली. परमेश्वरानं पोथी एकच दिली, आणि कुठलं पान केव्हा उघडायचं ते खुणांवर सोपवलं. वय वाढतं तशा या खुणा जागा बदलतात. अक्षरं तीच राहतात. म्हणून खुणा वाचल्या की माणसाचं वय सांगता येतं, वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे. ताई तेच वाचायची. आणि तिथला एक दंडक होता: तीनदा वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

सात वर्षांपूर्वी नमुने कमी पडले, तेव्हा तिनं थोरल्या भावाला गळ घातली होती. दादा तेव्हा एकतीसचा. दंडाचं चिमूटभर कातडं देताना म्हणाला, "ने. पण उरलेला मी घरी जाऊ ना?" त्या पेशी सहा कुप्यांत भरून नायट्रोजनच्या टाकीत गोठवल्या. त्या थंडीत काळ चालत नाही. पेशी खात नाही, वाढत नाही, म्हातारी होत नाही. पुढच्याच महिन्यात दादा सकाळी कामावर निघाला आणि पोचलाच नाही. शोधायचं तिथं सगळीकडे शोधलं. चप्पलसुद्धा सापडली नाही.

सात वर्षं भरली तसं कचेरीतून वहिनीला सांगण्यात आलं, सही केलीत तर नवरा मयत धरता येईल. मुलीचा प्रत्येक कागद बापाच्या रकान्यापाशी अडत होता. वहिनी ताईला म्हणाली, महिनाभर थांबते. तुमच्या मनात काही असेल तर त्याआधी सांगा.

त्याच आठवड्यात दादाची पहिली कुपी वाचायची पाळी आली. वय आलं अडतीस.

प्रयोगशाळेचे सर हसले. कुपीत कुणी वाढदिवस करतं का, म्हणाले. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. ताईनं पोथीतली अक्षरं ताडून पाहिली; ती माणसागणिक वेगळी असतात. दादाचीच होती. टाकीच्या नोंदी पाहिल्या. ती एकदाही गरम झाली नव्हती. त्याच दिवशी गोठवलेली शेजारची, दुसऱ्या माणसाची कुपी वाचली. तिचं वय जिथल्या तिथं होतं.

तीन आठवड्यांनी दादाची दुसरी कुपी काढली. खुणा वाचणाऱ्या यंत्राला वर्षाचीही खात्री नसते. पण आकडा मांडून पाहिला तेव्हा तो बरोबर एकवीस दिवसांनी पुढं गेला होता.

दादा कुठंतरी म्हातारा होत होता. म्हणजे तो होता.

त्या संध्याकाळी ती वहिनीकडे बसून राहिली. सगळं जिभेवर आलं होतं. वहिनीनं विचारलंही, "वन्सं, काही सांगायचंय का?"

"एक काम राहिलंय," ताई म्हणाली. "ते झालं की सांगते."

खोटी आशा लावायची आणि मग हिसकावून घ्यायची, हे पाप तिला नको होतं. तिसरं वाचन व्हायचं होतं. महिन्यावर चार दिवस गेले तरी वहिनी थांबेल, असं तिनं धरलं.

आणखी तीन आठवड्यांनी तिसरी कुपी काढली. आकडा दुसऱ्या वाचनाच्या नऊ दिवसच पुढं होता.

तिनं पुन्हा मांडून पाहिलं. नऊ.

चौथी कुपी काढली. नऊ.

दुसऱ्या वाचनाच्या दिवसापासून कॅलेंडरवर बोट ठेवून ती मोजत गेली. बोट मागच्याच्या मागच्या बुधवारवर थांबलं.

तिनं फोन लावला. वहिनीचा आवाज शांत होता. "महिना झाला, तुम्ही काही बोलला नाहीत. मग मागच्याच्या मागच्या बुधवारी जाऊन सही करून टाकली. सुटल्यासारखं वाटलं हो."

ताईनं बरं केलंत म्हटलं आणि फोन ठेवला.

वर्षभरानं तिनं पाचवी कुपी वाचली. आकडा तोच होता.

सहावी अजून टाकीत आहे. ताई ती काढत नाही, कुणाला काढूही देत नाही.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. त्या दादाची आठवण असू द्या. आणि कुणी विचारलं, तर तो गेला असं तेवढं म्हणू नका.