डावीकडचे आसन

कळंब येथे पुणे–नाशिक रस्त्याच्या कडेला माझे गॅरेज आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि यंत्राच्या बाबतीत मी अनुमानावर विसंबत नाही. मागच्या शेडमध्ये जमिनीत दोन लोखंडी रोलर बसवले आहेत. गाडीची मागची चाके त्यांवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची आणि ॲक्सिलरेटर दाबायचा. गाडी जागची हलत नाही. रोलर फिरतात आणि समोरच्या पडद्यावर तिची अश्वशक्ती उमटते. मंचर-नारायणगावची तरुण मुले आपापल्या गाडीचा आकडा पाहण्यास येतात व तो कमी आला की रुसतात. मी त्यांस सांगत असे, की माणूस खोटे बोलेल, आकडा बोलणार नाही.

गेल्या भाद्रपदात ओतूरचे चिमाजीबाबा आपली गाडी घेऊन आले. गर्द हिरवी, दोनच आसनांची, छप्पर मागे दुमडणारी जुनी स्पोर्ट्स कार. बाबांनी पुण्यातील एका साहेबांकडे आयुष्यभर चालक म्हणून नोकरी केली होती. साहेबांना मूलबाळ नव्हते. जाताना त्यांनी ही गाडी बाबांना दिली.

शेजारी त्यांच्या पत्नी लंकाबाई बसल्या होत्या. काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. अंगाने त्या इतक्या लहानखुऱ्या, की त्यांचे डावीकडचे आसन अगदी पुढे ओढलेले होते आणि ते सरकवण्याची कळ तिथेच गंजून बसली होती.

"दर रविवारी सकाळी हिला माळशेजपतुर नेतो," बाबा म्हणाले. "छप्पर उघडं टाकतो. हिला दिसत न्हाई, पर कुठं आलो ते बराबर सांगती."

"त्यात काय येवढं?" लंकाबाई म्हणाल्या. "उदापूर सुटलं की वारं कानात शिरतं. धरणाचं पाणी आलं की गाल गार पडत्यात. मढच्या पुढं भाताचा वास येतो. हेच बोलत बसत्यात अन् वळण इसरत्यात. मग म्या सांगायचं, अवो, वळा."

बाबा मनसोक्त हसले.

काम क्षुल्लक होते. क्लचची केबल बदलायची, इतकेच. ते मी केले. परंतु अशी गाडी माझ्या रोलरवर पूर्वी कधी चढली नव्हती, आणि मला मोह आवरला नाही. म्हणालो, "बाबा, एकदा आकडा बघू."

"शर्यतीच्या बैलाला काट्यावर चढवत्यात व्हय, भाऊ?" लंकाबाईंनी विचारले.

"चढवू दे गं. हौस हाय त्येला."

कारखान्याने त्या गाडीची शक्ती एकशे दहा सांगितली होती. पडद्यावर एकाहत्तर आले.

"मला तर कधी कमी वाटली न्हाई," बाबा पडद्याकडे पाहत पुटपुटले.

मी त्यांस समजावले, की हे इंजिन थकले आहे; ऐन चढावर दगा दिला तर काय कराल? आजींना घेऊन घाटात जाणे योग्य नव्हे. वास्तविक इतकी वर्षे ते त्याच गाडीने तोच घाट चढत होते. पण आकडा माझ्या बाजूने होता.

बाबांनी गाडी माझ्याकडे ठेवली आणि दोघे एसटीने परतले. एसटीत चढताना लंकाबाईंनी खिडकीची जागा मागितली, ती मिळाली नाही. हे मी रस्त्यापलीकडून पाहिले.

मी इंजिन उतरवले, उघडले, मुंबईहून सुटे भाग मागवले. बाबा दर शनिवारी फोन करीत. "उद्या न्यायची का, भाऊ?" दसऱ्याच्या सुमारास इंजिन पुन्हा बसवले. ते इतके गोड चालू लागले, की मी स्वतःशीच हसलो. रोलरवर एकशे चार भरले.

"सहा कमी आहेत, बाबा," मी फोनवर सांगितले. "पुन्हा उघडतो."

"सहानं काय व्हतंय, राव? तिनं तर लुगडं काढून ठिवलंय."

"थोडं थांबा. आकडा पुरा करूनच देतो."

"बरं. तुमी म्हणाल तसं."

मी इंजिन पुन्हा उतरवून साखळीला टांगले. त्याच आठवड्यात बाबा झोपेतच गेले.

मी त्यांच्या दहाव्यास गेलो नाही. गाडीवर ताडपत्री टाकली आणि शेडच्या त्या बाजूस पाहणे टाळू लागलो. चालती गाडी मी सहा अश्वशक्तीसाठी अडवून ठेवली होती. हे मी कोणासही सांगितले नाही, कारण कोणी विचारलेच नाही.

पुढे एका रविवारी ओतूरचा भागू दुधाचा टेम्पो घेऊन चाक बदलण्यास थांबला.

"काय भरतभाऊ, चिमाजीबाबाची गाडी कुणाला दिली? सकाळी मढच्या पुढं मला कट मारून गेली की! म्हातारी बसलेली शेजारी, कानाला रुमाल बांधून."

"चालवत कोण होतं?"

भागू आठवू लागला. "म्हातारीकडंच बघत राहिलो, राव. लई खूश दिसत व्हती."

मी त्यास शेडमध्ये नेले व ताडपत्री उचलली. बॉनेटखाली पोकळी होती. इंजिन बाजूस साखळीला लटकत होते.

"मंग दुसरी आसंल," भागू म्हणाला. चहा अर्धा टाकून तो निघून गेला.

तो गेल्यावर मी गाडीत हात घालून पाहिले. उजवीकडचे, चालकाचे आसन गार होते. डावीकडचे ऊबदार होते, जसे नुकतेच कोणी उठून गेले असावे. टायरांच्या खाचांत ओली तांबडी माती होती. कळंबची माती काळी आहे.

अनुमानावर मी विसंबत नाही, म्हणून प्रयोग केला. पुढच्या शनिवारी संध्याकाळी ती इंजिनविरहित गाडी ढकलत रोलरवर चढवली, चारही पट्ट्या आवळल्या, मोजणीचे यंत्र चालू ठेवले आणि शेडला कुलूप लावून किल्ली घरी नेली.

रविवारी दुपारी कुलूप उघडले. पट्ट्या जशाच्या तशा होत्या. काच दवाने ओली होती. पडद्यावर दोन रेषा उमटल्या होत्या. शक्तीची रेषा आरंभापासून अखेरपर्यंत शून्यावर सपाट होती. वेगाची रेषा मात्र चढत होती, वळणागणिक उतरत होती आणि पुन्हा चढत होती.

एका ठिकाणी ती थोडा वेळ थांबली होती. धरणाचे पाणी जिथे लागते, साधारण तितक्या अंतरावर.

दुसऱ्याच दिवशी मी ओतूरला गेलो. लंकाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांची लेक मंगल त्यांचे केस विंचरत होती. फणी जागोजागी अडत होती.

"आज्जी, मी कळंबचा भरत. माझी चूक झाली," मी म्हणालो. "गाडी तयार होती. मीच दिली नाही."

"ठावं हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "यांनी सांगितलं."

मी मंगलकडे पाहिले. तिने मान खाली घातली. "मला काय बी इचारू नका, भाऊ. रविवारी म्या दूध घालायला जाते. येते तवर आईचं डोकं असं पिंजलेलं आसतं."

त्या आठवड्यात मी दुसरे कोणतेही काम हाती घेतले नाही. इंजिन बसवले. मोजले नाही. रविवारी पहाटेच छप्पर उघडे टाकून निघालो. मनात एकच होते, की त्यांचा जो घाट मी हिरावला, तो निदान एकदा तरी माझ्या हाताने त्यांना परत द्यावा. सारी वाट उजवीकडच्या आसनावर मी बसलो होतो. माझ्या अंगाची ऊब त्यास लागली नाही.

लंकाबाई नेसून तयार होत्या. बॉनेटवरून हात फिरवीत त्या डाव्या बाजूस आल्या. मी दार उघडले, त्या बसल्या. गाडीची किल्ली माझ्या मुठीत होती.

"भरतभाऊ, तुमी कुठं बसणार?" त्यांनी विचारले. "दोघांचीच गाडी हाय."

"मी चालवणार ना, आज्जी."

त्या हसल्या. त्यांनी उजवीकडे हात टाकला. तो आसनावर पडला नाही. माणसाच्या खांद्याच्या उंचीवर थांबला आणि तिथेच विसावला.

मंगलने आतून हाक मारली, "भाऊ, पाणी घ्या." तिचा स्वर घाईचा होता. मी आत गेलो.

तांब्या तोंडाला लावला तोच इंजिन सुरू झाले.

बाहेर आलो. अंगण मोकळे होते.

मी मूठ उघडली. किल्ली होती.

ऊन कलायच्या आत गाडी अंगणात उभी होती. ती येताना मी पाहिली नाही. मी मान वर केली, तेव्हा ती होती. लंकाबाईंचा चेहरा वाऱ्याने लाल झाला होता.

"भाऊ, हे म्हणत्यात, भरतवर राग न्हाई," त्या उतरताना म्हणाल्या. "गाडी लई झ्याक केली म्हणत्यात."

माझे डोळे भरून आले. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"अन् पुढच्या रविवारी म्या घरीच ऱ्हाते. ते तुमाला न्यायला येत्यात. एकदा आकडा न बघता बसा म्हणत्यात."

नाही म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. गाडी घेऊन मी कळंबला परतलो आणि ती शेडमध्ये उभी करून ताडपत्री टाकली.

आज शनिवार आहे. संध्याकाळी ताडपत्री उचलून पाहिली. आसनाची गंजलेली कळ तशीच आहे. दोन्ही हातांनी ओढूनही ती हलली नाही.

डावीकडचे आसन मागे सरकलेले आहे. बसून पाहिले. माझे पाय बरोबर पुरतात.