लेपियोंचा खांब

चुलीजवळ सरका पोरांनो, आणि ते दार लावून घ्या. ओव्हिदियो चिगुआयला तुम्ही सगळे ओळखता. एक खांदा उतरलेला, हल्ली फारसं बोलत नाही तो. गेल्या वर्षीपर्यंत चर्चची किल्ली त्याच्याकडे असायची.

गेल्या वर्षीची तेवीस जूनची रात्र. दुसऱ्या दिवशी सान हुआनचा सण, आणि वर्षातून एकदाच होडीने येणारे फादर सकाळी उतरणार होते. वेदीवर धुतलेलं कापड घालायचं राहिलं होतं, म्हणून साडेदहाला ओव्हिदियो निघाला. बायको एर्मिंदा दोन महिने छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली.

"लवकर ये रे म्हाताऱ्या," ती म्हणाली. "नाहीतर तिथेच बाकावर घोरत पडशील, आणि फादर तुला संत समजून मेणबत्ती लावतील."

तो हसत उतार उतरला.

आता आपलं चर्च कसं उभं राहिलं? सगळ्या बेटाने मिंगा करून. आज मी तुझ्याकडे राबायचं, उद्या तू माझ्याकडे. मजुरीचं नाव नाही. दर घराने आपल्या रानातला एकेक खांब दिला. लेपियो कुटुंबाने आपला सरूचा खांब होडीमागे बांधून आणायला घेतला, पण वादळात घरातली पाचही माणसं बुडाली. प्रेतं मिळालीच नाहीत. खांब मात्र लाटांनी चर्चसमोर आणून टाकला, आणि लोकांनी तो उभा केला. तेव्हापासून तोच त्यांची कबर.

गेल्या वर्षी मे महिन्यात, थंडीच्या तोंडावर, तो बुडाशी कुजलेला निघाला. ओव्हिदियोने नवा बसवला. जुना रीतसर पुरायला हवा होता. पण पाऊस थांबेना, घरातली लाकडं ओली, एर्मिंदा थंडीने काळीनिळी पडलेली. जीव तुटला हो त्याचा. त्याने खांब फोडला आणि चुलीत घातला. कुणाला सांगितलं नाही.

त्या रात्री चर्चमध्ये शिरून त्याने टॉर्च लावला. वेदीवर कापड अंथरलं. वळला.

नवा खांब जमिनीवर आडवा पडला होता.

त्याच्या जागी माणसं उभी होती. पाच. खांद्यांवर छताची तुळई घेतलेली. कपड्यांतून पाणी गळत होतं.

"आमचा कुठंय?" त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं.

ओव्हिदियो वेदीपर्यंत मागे सरकला.

"चिगुआय... आमचा कुठंय?"

"जा... जाळला. बायको आजारी..."

छत करकरलं. मग त्या पाचांत जी एकच बाई होती ती तुळईखालून बाजूला झाली. तुळई वीतभर खाली आली.

"धर," म्हातारा म्हणाला.

ओव्हिदियोने खांदा दिला. हाड कडकन वाजलं. बाई दाराबाहेर पडली. तिची ओली पावलं ऐकू येत होती... चप्... चप्... चढाच्या दिशेने. त्या चढावर एकच घर. त्याचं.

"तिला नको... मला न्या..."

त्याने खांदा काढून पाहिला. निघेना. वर तुळई, दोन्हीकडून थंडगार खांदे. पावलं दूर गेली. मग काहीच ऐकू येईना...

कोंबडा आरवला तेव्हा तो फरशीवर एकटाच पडला होता. नवा खांब जागच्या जागी होता. तो उठला आणि ऊर फुटेस्तोवर धावला.

एर्मिंदा उशीला टेकून बसली होती. गालांवर रंग आला होता. चूल धगधगत होती.

"कुठे मेला होतास?" ती म्हणाली. "बरं झालं, त्या बाईला तरी पाठवलंस. रात्रभर चुलीत लाकडं सारत होती. तोंडातून एक शब्द नाही बिचारीच्या."

"कुठे... कुठे गेली?"

"गेली? आत्ता तर इथेच होती."

ओव्हिदियोने खाली पाहिलं. उंबऱ्यापासून, तो खांब जाळला होता त्याच चुलीपर्यंत ओल्या, अनवाणी पावलांचे ठसे आले होते.

परत फिरलेला एकही नव्हता.